पॅचच्या शेजारी पुन्हा तडा: गंजलेल्या कॉलमची दुरुस्ती नेमकी कुठे चुकते

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न थोडक्यात असा. इमारत १९८७ ची, तळाला स्टिल्ट (कॉलमवर उभा, पार्किंगचा उघडा मजला) आणि वर चार मजले, खाडी जवळच. स्टिल्टमधल्या चार कॉलमना उभे तडे गेलेत. यांतल्याच दोन कॉलमना आठ वर्षांपूर्वी पॉलिमर मॉर्टरचा (पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-रेतीचं मिश्रण) पॅच मारून घेतला होता. ती जागा अजून धड आहे, पण तिच्या वीतभर वर नवा तडा आलाय. दुसऱ्या मजल्यावर एका घरात बाथरूमखालच्या स्लॅबचं प्लास्टर पडून सळया दिसताहेत. ऑडिटमध्ये इमारत सी-२बी (रिकामी न करता दुरुस्ती) वर्गात टाकली आहे. एक कंत्राटदार म्हणतो प्लास्टर आणि रंग केला की झालं, तर निम्म्या सभासदांना पुनर्विकास हवा आहे. राहणं सुरक्षित आहे का, मागची दुरुस्ती का टिकली नाही आणि आता काय करायचं?

मी सव्वीस वर्षं हेच काम करतो, बरंचसं ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या ऐंशीच्या दशकातल्या इमारतींवर. तुमची इमारत त्याच पिढीतली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तातडीचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत तडे कॉलमच्या कोपऱ्याला समांतर, सरळ उभे, म्हणजे सळईच्या रेषेत आहेत. हा गंजाचा तडा. तो सावकाश वाढतो आणि त्याने इमारत उद्या पडत नाही. पण कॉलमचं पोट फुगलेलं दिसलं, रिंगा (उभ्या सळयांना वेढून बांधणाऱ्या आडव्या सळया) सुटून उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकलेल्या दिसल्या, तिरका तडा गेला, काँक्रीटचा भुगा खाली गळू लागला, किंवा वरच्या घरांची दारं अचानक अडकायला लागली, तर मीटिंग बोलवत बसू नका. माणसं बाहेर काढा आणि महापालिकेला कळवा. यातलं काही आज नाही ना, हे तुमच्या इंजिनीअरने उद्या जागेवर येऊन बघायला हवं. फोटोवरून कुणी “काही होत नाही” म्हणालं तर ते धरू नका, मी म्हटलं तरी.

दरम्यान तडे बसलेल्या कॉलमजवळच्या गाड्या हलवा. प्रत्येक तड्यावर काचेची पातळ पट्टी एपॉक्सीने आडवी चिकटवा आणि तिच्यावर तारीख घाला. तडा हलला तर काच फुटते. हे काम वॉचमनही करू शकतो आणि महिन्याभरात तुमच्या हाती खात्रीची माहिती असते.

आता सळई गंजतेच का. चांगलं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर. अशा वातावरणात सळईवर एक अदृश्य संरक्षक थर बसतो आणि ती पन्नास-शंभर वर्षंही गंजत नाही. हा थर दोन गोष्टींनी जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि काँक्रीटचा पीएच नऊच्या आसपास उतरवतो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरी गोष्ट मीठ, म्हणजे क्लोराइड. ते पीएच उतरण्याची वाट बघत नाही, थराला थेट भोकं पाडतं. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं. त्याला जागा हवी असते, म्हणून तो कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, आतून ढकलतो. तुम्हाला बाहेरून दिसणारा उभा तडा तो हाच.

तुमच्या इमारतीच्या काळात एम१५ काँक्रीट सर्रास चालत असे (‘एम’पुढचा आकडा म्हणजे ताकदीची ग्रेड). त्या वेळच्या १९७८ च्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेत स्लॅबला १५ मिमी कव्हर पुरेसं होतं. २००० साली संहिता बदलली, तेव्हा समुद्रकाठच्या हवेला ४५ मिमी कव्हर आणि किमान एम३० मागितलं गेलं. तुमच्या स्लॅबच्या सळया हा फरक आज भोगताहेत. शिवाय त्या वर्षांत या पट्ट्यात खाडीची रेती भरपूर वापरली गेली आणि ती गोड्या पाण्याने धुतली जाईच असं नव्हतं. मीठ बाहेरून आलेलं नसतं, ते पहिल्या दिवसापासून काँक्रीटमध्ये कालवलेलं असतं. त्यात सळया टोरच्या, थंड पिळ दिलेल्या. त्या गंजाला आजच्या टीएमटी सळयांपेक्षा लवकर बळी पडतात.

मागची दुरुस्ती का फसली याचं उत्तर इथेच आहे. कळव्याला अशाच एका स्टिल्टमध्ये आम्ही जुना पॅच खोलला होता. पॅचचं मॉर्टर दगडासारखं घट्ट, छिन्नी उडत होती, आणि त्याच्या आतली सळई स्वच्छ. काम करणाऱ्याने काम प्रामाणिकपणे केलं होतं. पण पॅचच्या कडेपासून चार बोटं वर छिन्नी मारली तर कव्हरचा ढलपा एका फटक्यात सुटून हातात आला. आत सळईवर तांबडा नाही, काळपट हिरवा, ओलसर गंज होता. कापडाने पुसला आणि पाच-दहा मिनिटं हवेत राहू दिला, तर डोळ्यांदेखत तपकिरी झाला. हा रंग दिसला की समजायचं, आत हवा कमी आणि मीठ भरपूर. सळईला ठिकठिकाणी खड्डे पडले होते, टाचणीच्या डोक्यापासून वाटाण्याएवढे.

झालं काय होतं? गंज ही विजेची प्रक्रिया आहे. सळईचा एक भाग ॲनोड होतो आणि गंजतो, आणि तो गंजत असेपर्यंत शेजारचा भाग कॅथोड राहून वाचतो. तुम्ही गंजलेला भाग साफ करून ताज्या अल्कधर्मी मॉर्टरमध्ये बंद केला की तो ॲनोड राहत नाही. पण वरचं-खालचं काँक्रीट खारटच असतं. आतापर्यंत शेजाऱ्याच्या जिवावर वाचलेला तो भाग आता ॲनोड होतो, आणि पॅच त्याला गंजवायला उलट मदत करतो. म्हणून तडा पॅचमध्ये येत नाही, पॅचच्या कडेला येतो. तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे. त्यावरून मला जवळजवळ खात्री वाटते की तुमच्याकडे प्रश्न मिठाचा आहे, नुसत्या कार्बोनेशनचा नाही.

पण “जवळजवळ” वर लाखो रुपये खर्च करायचे नसतात. म्हणून ऑडिटकडे येतो.

तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं. मुंबईत त्यासाठी महापालिका कायद्याचं कलम ३५३ब आहे, तुमच्याकडे महाराष्ट्र महापालिका कायद्याचं २६५अ. वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ. तुमचा सी-२बी बरोबर असू शकतो, पण तो कशावरून ठरवला हे अहवालात दिसायला हवं. अहवाल उघडा आणि बघा: प्रत्येक कॉलमला नंबर आहे का? कुठल्या कॉलमच्या कुठल्या बाजूला, किती उंचीवर कोणती चाचणी घेतली, हे नकाशावर मांडलंय का? घरांच्या आत जाऊन पाहिलंय का? नुसते हॅमरचे आकडे आणि शेवटी “दुरुस्ती आवश्यक” एवढंच असेल, तर तो कागद महापालिकेच्या फायलीला पुरेल, तुमच्या कॉलमला नाही.

हॅमरबद्दल मुद्दाम सांगतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः त्याने फसलो आहे. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. कार्बोनेट झालेला पृष्ठभाग जास्त कठीण होतो, म्हणजे काँक्रीट जितकं म्हातारं तितका आकडा चांगला दिसतो. एका इमारतीत मी हॅमरवर भरवसा ठेवून काँक्रीट ठीक आहे असं लिहून दिलं. पुढे कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने) काढले तेव्हा ताकद मी लिहिल्याच्या निम्म्याहून कमी निघाली. वेळेत कळलं म्हणून आराखडा बदलता आला. तेव्हापासून कोअरशिवाय मी ताकदीबद्दल एक ओळ लिहीत नाही.

चाचण्यांचा माझा क्रम असा आहे. पहिले दोन दिवस फक्त डोळे आणि अर्ध्या किलोचा हातोडा. कॉलम खालपासून वरपर्यंत ठोकत जायचं. घट्ट काँक्रीट टणटणतं, सुटलेलं कव्हर भदभद वाजतं, आणि कान तयार झाला की पोकळीची कड दोन बोटांच्या अचूकतेने खडूने आखता येते. मशिनपेक्षा याच नकाशाने माझ्या जास्त इमारती वाचवल्या आहेत. मग चार-पाच जागी काँक्रीट फोडून ताज्या, धूळ पुसलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. जिथे गर्द गुलाबी होतं तिथे अल्कधर्म शिल्लक आहे, रंगहीन राहतं तिथे गेला. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचलाय का, एवढंच बघायचं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची चाचणी क्लोराइडची. ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत गोळा करून लॅबला द्यायची. बाहेर जास्त आणि आत कमी मीठ असेल तर ते खाऱ्या हवेतून आलं. सगळ्या खोलीवर सारखंच असेल तर रेतीतून किंवा पाण्यातून आलं, आणि मग ते प्रत्येक कॉलममध्ये, प्रत्येक बीममध्ये आहे. नव्या काँक्रीटला आयएस ४५६ दर घनमीटरला ०.६ किलोची मर्यादा देते. तुमचा आकडा सळईच्या पातळीवर याच्या कुठे आहे, त्यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून आहे. सोबत हाफ सेल चाचणी (सळईचा विद्युतदाब काँक्रीटच्या पृष्ठभागावरून मोजणारी) घ्या. तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडवर उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण आकडा म्हणजे बहुधा गंज नाही, उणे ३५० च्या पलीकडे म्हणजे नव्वद टक्के शक्यता गंज चालू आहे. याने अजून तडा न पडलेले पण आतून पेटलेले कॉलम सापडतात. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किमीच्या खाली गेला तर आतलं काँक्रीट संशयास्पद धरा. कोअर किमान तीन काढा, सळई कुठे आहे हे लोकेटरने बघूनच. तिन्हींची सरासरी मूळ ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको, हा संहितेचा निकष आहे.

दुरुस्तीत पहिलं काम पाण्याचं. दुसऱ्या मजल्यावरचा स्लॅब खालून कितीही चांगला दुरुस्त केला आणि वरच्या घरातला नहाणी ट्रॅप गळतच राहिला, तर दोन पावसाळ्यांत सळया पुन्हा दिसतील. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला विटांच्या तुकड्यांचा कोबा वर्षानुवर्षं पाणी धरून बसतो. वरच्या घराची लादी उखडावी लागते आणि भांडण तिथेच होतं, हे मला माहीत आहे. तरी सोसायटीने ते आधी सोडवावं. गच्ची, टाकीखालचे बीम आणि डक्टमधले पाइपही याच यादीत. स्लॅबच्या सळया ८ मिमीच्या असतात, बऱ्याचदा त्या दोरीसारख्या झालेल्या असतात. तसं असेल तर खालून मॉर्टर थापण्यापेक्षा तेवढा स्लॅब तोडून नवा टाकणं स्वस्त पडतं आणि टिकतं.

मग कॉलम. इथे कंत्राटदाराशी तुमचा खरा वाद होणार, म्हणून जरा थांबतो. तडा दिसला तेवढंच फोडायचं नाही. सळईवर गंज दिसतोय तोवर वर आणि खाली फोडत जायचं, आणि स्वच्छ सळई लागल्यावर अजून दहा सेंटिमीटर पुढे. सळईच्या पुढचंच नाही, मागचंही काँक्रीट काढायचं, बोट आरपार फिरेल इतकं, म्हणजे २० ते २५ मिमी. नव्वद टक्के कामं इथे चुकतात. पुढची बाजू ब्रशने चमकवतात, मागची खारट काँक्रीटला चिकटलेली तशीच राहते आणि पॅचच्या आतूनच गंज पुन्हा सुरू होतो. मी जागेवर गेलो की पहिलं काम सळईच्या मागे तर्जनी घालून बघतो. बोट अडलं तर पुढचं काम थांबवतो. तुमच्यापैकी कुणीही हे करू शकतं, त्याला इंजिनीअर व्हावं लागत नाही.

पॅचची कड ग्राइंडरने चौकोनी कापून घ्यायची, उतरती ठेवायची नाही. उतरत्या कडेला मॉर्टर कागदासारखं पातळ होतं आणि तिथूनच सुटतं. खड्ड्यांतलं मीठ नुसत्या वायर ब्रशने जात नाही, ब्रशने गंजावर पॉलिश होतं. पाण्याच्या दाबाने धुवावंच लागतं. मग व्हर्नियरने सळई मोजा. २० मिमीची सळई १७ राहिली तर ऐकायला तीनच मिमी गेले, पण क्षेत्रफळात जवळजवळ २८ टक्के गेले. मी साधारण १५ टक्क्यांवर गेलं की शेजारी नवी सळई बांधतो. रिंगा तुटलेल्या असतील तर त्या आधी. रिंगेविना उभी सळई दाबाखाली बाहेर वाकते, आणि कॉलम जातो तो असाच.

बाँडिंग कोट (जुन्या काँक्रीटला नवं मॉर्टर धरून ठेवणारा लेप) लावल्यावर तो हाताला चिकटतोय तोवरच मॉर्टर यायला हवं. दुपारी कोट लावून जेवायला गेले आणि तासाने आले, तर तोच कोट मॉर्टर सुटायला कारण होतो. पॉलिमर मॉर्टर १०-१२ मिमीच्या थरांत. खोली ५० मिमीच्या पुढे गेली की फरमा लावून मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, ओतता येणारं काँक्रीट) ओता. त्यावर सात दिवस ओलं गोणपाट. आणि पॅचच्या कडेजवळ, सळईला बांधून, छोटे जस्ताचे ॲनोड बसवून घ्या. लोखंडाऐवजी जस्त गंजतं आणि पॅचच्या शेजारचा तो तुमचा वीतभराचा पट्टा वाचतो. ते कायमचे नसतात, पण मिठाच्या इमारतीत त्यांच्याशिवाय केलेला पॅच म्हणजे आठ वर्षांपूर्वीचीच दुरुस्ती पुन्हा करणं.

कॉलमला जॅकेट (सभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण) द्यावं लागलं तर ते पायापासून सुरू व्हायला हवं. लादीपासून वर गुंडाळलेलं जॅकेट भार घेत नाही, नुसतं जाड दिसतं. वरच्या टोकाला बीमच्या तळाशी फट राहिली तरीही तेच. स्टिल्टमध्ये ७५-१०० मिमीने कॉलम जाड झाले की पार्किंगचं भांडण होईल, ते आत्ताच मिटवा.

टेकूंबद्दल विशेष सावध करतो. कॉलमचं काँक्रीट खोलवर फोडायचं असेल तर नुसत्या स्टिल्टमधल्या बीमखाली प्रॉप लावून भागत नाही. त्याने फक्त पहिल्या मजल्याचा भार उचलला जातो. वरच्या तीन मजल्यांचा आणि गच्चीचा भार कॉलममधूनच खाली येत राहतो. प्रॉप प्रत्येक मजल्यावर, एकाखाली एक, एकाच रेषेत लागतात, म्हणजे लोकांच्या हॉलमध्येही. एका वेळी एकच कॉलम उघडा, शेजारचा तर मुळीच नाही. एका कामावर काम लवकर संपवायच्या घाईत कंत्राटदाराने टेकूंशिवाय ओळीतले तीन कॉलम एकदम फोडले होते. मी पोचलो तेव्हा वरच्या बीमला तिरका तडा गेला होता आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी सांगत होत्या की रात्री फरशी वाजली. त्या संध्याकाळी सहा कुटुंबं आम्ही हलवली. इमारत उभी राहिली, पण तो आवाज ऐकूनही कुणी कळवलं नव्हतं याची धास्ती मला अजून आहे.

घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर फेरबदलाचं काम सुरू होतं. तुमच्या स्टिल्टमध्ये कुणी दुकान, ऑफिस किंवा खोली काढायला कॉलमला हात लावला असेल तर ते ऑडिटरला आधी सांगा.

काही सभासद म्हणतील, काँक्रीटची इमारत इतक्यात कशी जाईल. गोव्यात मांडवीवरचा पहिला पूल १९७० साली खुला झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. अशा पुलात तारा झाकलेल्या असतात, बाहेर फारसं दिसत नाही. तुमच्या इमारतीत साधी सळई आहे, ती तडा देऊन आधी सांगते. तो तडा प्लास्टर-रंगाने झाकण्याला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे.

पुनर्विकास की दुरुस्ती? क्लोराइड सगळ्या खोलीवर, बहुतेक कॉलममध्ये मर्यादेच्या बरंच वर असेल आणि कोअरही कमजोर निघाले, तर मी मोठ्या दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. तेव्हा टेकू, गळतीबंदी आणि सर्वांत वाईट कॉलमची जॅकेट्स एवढाच खर्च करा आणि पुनर्विकासाच्या मागे लागा. पण तो ठरावापासून पाया खणेपर्यंत वर्षं खातो, आणि त्या वर्षांत लोक याच कॉलमखाली राहणार आहेत, हे धरूनच आराखडा करा. त्रास स्टिल्टपुरता आणि बाथरूमपुरता असेल, तर नीट केलेली दुरुस्ती तुम्हाला बरीच वर्षं देईल आणि पुनर्विकासाच्या वाटाघाटीही घाई न करता करता येतील.

कंत्राट एकरकमी देऊ नका. दर जाडीनुसार आणि मापानुसार घ्या, आणि खोलल्यावर काम वाढतंच हे धरून तिसरा हिस्सा रक्कम बाजूला ठेवा. कंत्राटदार आणि देखरेखीचा इंजिनीअर वेगळे हवेत, पैसेही वेगळे. काम ऑक्टोबरात सुरू करा, पावसाळ्याआधी बाहेरची बाजू बंद व्हायला हवी. प्रत्येक कॉलम बंद करण्याआधी नंबराची पाटी धरून सळईच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे फोटो घ्या. फोटो नसलेल्या कॉलमचं बिल पास करू नका.

काम झालं की प्रत्येक कॉलमवर हाफ सेलच्या जागा रंगाच्या ठिपक्यांनी कायमच्या आखा, सळईला जोडलेली एक तार छोट्या डबीत बाहेर काढून ठेवा, आणि दर दोन वर्षांनी मे महिन्यात त्याच ठिपक्यांवर आकडे घ्या. ते एका वहीत लिहा आणि कमिटी बदलली की किल्ल्यांबरोबर ती वहीही नव्या सेक्रेटरींच्या हाती द्या.